शेठच्या गाडीतली शिट्टी

फोन आला तेव्हा मी एका गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो, तोंडात टॉर्च धरून. पलीकडून सुनंदावहिनी, दत्तूची बायको, एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्ये गेले." तोंडातल्या टॉर्चमुळे मला काही बोलताही आलं नाही. मोरा जेट्टीवर एका बोटीच्या दिव्यांची वायरिंग करून दत्तू वर आला, जरा दम लागलाय म्हणून जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसला, आणि तिथून उठलाच नाही... संध्याकाळी करावे गावात त्याला नेताना मी मागच्या बाजूला चालत होतो. माझ्या पुढे दोन माणसं होती, ओळखीची नव्हती. एकाने दुसऱ्याला हळूच विचारलं, "हाच ना तो, शेठचा अ‍ॅम्प बदलणारा?" दुसरा म्हणाला, "हा, तोच." दत्तू तिरडीवर होता आणि लोकांनी त्याला ओळखलं ते असं.

माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल लिहिताना मनातलं सगळं वैर बाजूला ठेवायची रीत आहे. ती मी आज पाळणार नाही. दत्तूनेही पाळली नसती. गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टिम बसवायचं आमचं नेरुळचं दुकान आम्ही दोघांनी मिळून काढलं. माझे वडील साताऱ्याहून येऊन तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी झाले, आणि दत्तू करावेचाच, खाडीत मासे मारणाऱ्या घरातला. तो मला नावाने कधी हाक मारत नसे, "ए सातारा" म्हणायचा. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांसमोरही "ए सातारा, जेवन झाला काय?" असं मांडवभर ओरडला होता.

आमचं अर्धं काम सिस्टिम बसवण्याचं, आणि उरलेलं अर्धं गाडीत शिरलेला नको तो आवाज शोधण्याचं. लोक हौसेने भारी स्पीकर लावतात, गाडी सुरू करतात, आणि गाण्याच्या मागे एक बारीक शिट्टी ऐकू येते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती चढते, सोडला की उतरते. ती डायनामोची शिट्टी. कधी मोबाईलच्या स्वस्त चार्जरमुळे नुसतीच कुरकुर येते, कधी करंटची वायर आणि आवाजाची वायर एकाच बाजूने नेल्यामुळे इंडिकेटर दिला तरी टिकटिक ऐकू येते. बहुतेक वेळा मात्र दोष अर्थिंगचा असतो. अर्थिंगची वायर गाडीच्या उघड्या पत्र्याला घट्ट बसलेली नसली, मध्ये रंग किंवा गंज आला, की करंट दुसरी वाट शोधतो आणि जाता जाता गाण्यात घुसतो. दत्तूची शोधायची रीत संथ होती. आधी तो गाडीतल्या सगळ्या वस्तू काढायला लावायचा... चार्जर, कॅमेरा, सीटखालचे रंगीत दिवे, आरशाला लटकवलेली चमकणारी देवाची तसबीरसुद्धा. मग इंजिन चालू करून डोळे मिटून बसायचा. मग एकेक वस्तू परत जोडायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायचा, "तुमी चा पिऊन या. तुमच्यासमोर आवाज लाजतो." हे नको ते आवाज त्याला खरोखर सहन होत नसत. एकदा आम्ही रिक्षाने बेलापूरला निघालो होतो, रिक्षावाल्याचा स्पीकर घरघरत होता. दत्तूने त्याला वाटेत थांबवलं, सीटमागे हात घालून एक वायर ओढून सरळ केली आणि म्हणाला, "आता चल."

आणि तो डूख धरायचा. हे मी कौतुकानेच लिहितोय. करावेच्या बाजारात एका बाईने त्याला एकदा पोकळ चिंबोऱ्या, म्हणजे आत मांस नसलेले खेकडे, दिल्या. त्यानंतर दर रविवारी तो तिच्या टोपलीसमोर उभा राहायचा, शेजारणीकडून चिंबोऱ्या घ्यायचा, आणि एकेक उचलून मोठ्याने म्हणायचा, "वा, भरलेली हाय! ही पन भरलेली!" पहिलीने शेवटी हात जोडले, "दत्तूदादा, एक टोपली फुकट ने, पन गप ऱ्हा." त्याने नेली नाही. एका चुलतभावाच्या हळदीला त्याच्या पानात नुसता रस्सा पडला होता, मटण नाही. पुढे त्याच भावाच्या पोराच्या हळदीला सिस्टिम लावायचं काम दत्तूकडे आलं. वाढप सुरू झालं तसा याने आवाज इतका बारीक केला की नाचणारी सगळी माणसं बघायला आली. दत्तू म्हणाला, "स्पीकरला पन रस्साच पडलाय आज." त्याला मटण वाढल्यावर मग मांडव हलला.

असा माणूस. हे मला पुरतं ठाऊक होतं, तरीही मी त्याला नंतर काय समजलो ते पुढे सांगतो.

शेठ आमच्या भागातला ठेकेदार. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्याने ओळखायला हवं तो तर पहिल्याच ओळीत ओळखेल. काही वर्षांपूर्वी घरातल्या लग्नाच्या आधी तो नवी मोठी गाडी घेऊन दुकानात आला. गाडीत बाहेरून आणलेला भारी अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, कुठल्या तरी दुसऱ्या दुकानात बसवून घेतला होता आणि गाण्यामागे शिट्टी येत होती. सोबत त्याचे चार-पाच मित्र. दत्तूने नेहमीप्रमाणे सगळं काढून पाहिलं, अर्थिंग तपासलं, वायरी वेगळ्या केल्या. शिट्टी कमी झाली, पण गेली नाही. मग त्याने अ‍ॅम्प बाहेर काढून उघडला. आत बघितलं आणि हसला. हसायला नको होतं... पण तो लपवणारा माणूस नव्हता. म्हणाला, "शेठ, ह्यो डुप्लिकेट हाय. वरचा डबा तेवढा भारी. आतमधी काय नाय, म्हनून आवाज खातंय."

मित्रांपैकी एक जण फिसकन हसला. दुसरा म्हणाला, "अरे, शेठला पण टोपी?" शेठचा चेहरा मला अजून दिसतो. तो दत्तूकडे न बघता मित्रांकडे बघत म्हणाला, "मी दिला तेव्हा ओरिजिनल होता. यानेच आत नेऊन बदलला."

गाडी सकाळपासून आमच्या दुकानासमोरच उभी होती आणि अ‍ॅम्प त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडला होता. तरी एकदा तोंडातून बाहेर पडलं ते त्याला मागे घेता येईना. संध्याकाळपर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दत्तूचा फोटो फिरत होता, खाली लिहिलेलं, "या चोरापासून सावध." मग आमच्या गाळ्याच्या मालकाचा फोन आला, शेठशी मिटवा नाहीतर गाळा रिकामा करा. मालकाची बांधकामं शेठच करायचा. आणि माझं सगळं त्या गाळ्यात होतं.

मिटवायला गेलो तो मी. शेठची अट होती, दत्तूने करावे गावात, देवळापुढच्या पटांगणात, लोकांसमोर हात जोडायचे आणि गाडी नेऊन फुकट नीट करून द्यायची. नवा अ‍ॅम्प शेठने स्वतःच आणला होता. मी दत्तूला समजावायला बसलो. दत्तू म्हणाला, "हात जोडले म्हंजे चोरी केली असा होतो, सातारा." मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे रे. लोक विसरतात." तो म्हणाला, "तुला दुकानाचा गाला पायजेल." मी मान खाली घातली... त्याने ती बघितली आणि दुसऱ्या दिवशी पटांगणात जाऊन हात जोडले. शेठ खुर्चीवर बसला होता. सुनंदावहिनी बायकांच्या मागे उभ्या होत्या. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं. दत्तूने नुसते हात जोडले, आणि शेठ हसून म्हणाला, "जा, माफ केला."

लोक विसरले नाहीत. हात जोडले म्हणजे चोरी केली, असंच सगळ्यांनी धरलं. हळदीच्या ऑर्डरी गेल्या. गाड्यावाले दुकानात यायचे आणि मला बाजूला घेऊन सांगायचे, "काम तुम्ही करा, त्यांना हात लावू देऊ नका." दत्तूला ते ऐकू जायचं, कारण त्याला सगळंच ऐकू जायचं. एका सकाळी त्याने आपली हत्यारं पिशवीत भरली आणि मोऱ्याला बोटींच्या वायरिंगचं काम धरलं. मी थांबवलं नाही. गाळा टिकला होता.

आणि मी त्याला शेळपट समजत होतो, ही माझी खरी लाज आहे. चिंबोरीवाल्या बाईला सोडलं नाही तो माणूस शेठची गाडी घेऊन गेला, दिवसभर एकटा तिच्यावर राबला आणि नीट करून परत देऊन आला. शेठ तेव्हा गावभर सांगत फिरत होता, "बघा, थेटरसारखा आवाज आलाय. दम दिल्याशिवाय ही लोकं काम करत नाहीत." मला वाटलं, मोडला दत्तू. असं वाटून मला बरंही वाटत होतं, कारण तो मोडला असेल तर मी एकटाच पडखाऊ उरत नव्हतो.

तेराव्यानंतर काही दिवसांनी शेठची तीच गाडी माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. काच खाली झाली.

"काय मास्तर, ओळख आहे ना?"

मी म्हटलं, "आहे की."

"तुमचा तो पार्टनर गेला म्हणे. वाईट झालं. स्वभावाने कसाही असो, हात चांगला होता."

मी बोललो असतो तर हातातल्या पान्याने बोललो असतो.

शेठ खाली उतरला आणि कुरकुरायला लागला. गाडीत शिट्टी होती. म्हणे, दत्तूने दिली तेव्हा एकदम साफ होती, पण पुढच्या पावसाळ्यानंतर बारीक सुरू झाली ती दर वर्षी वाढतच गेली. वाशीला दाखवलं, ठाण्याला दाखवलं, नवा स्टिरिओ घातला, फिल्टर लावले, अ‍ॅम्प बदलला. "बायको बसत नाही गाडीत. म्हणते डोकं उठतं. ही गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक चक्कर मारतं आणि आवाज ऐकून परत जातं. पनवती लागलीय साली." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही बघा ना. त्याच्या हातचं काम तुम्हालाच कळेल."

मी गाडी ठेवून घेतली. इंजिन चालू केलं, डोळे मिटले. शिट्टी स्वच्छ होती, अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी. सगळं काढलं, एकेक जोडलं. अर्थिंग वरवर पाहता जागच्या जागी होतं, म्हणूनच वाशीवाल्यांना आणि ठाण्यावाल्यांना ते दिसलं नसणार. मग गालिचा उचलला आणि कंपनीच्या वायरींच्या जुडग्याला हात लागला. जुडगं दोऱ्याने बांधलेलं होतं. आम्ही सगळे प्लॅस्टिकच्या पट्ट्या वापरतो. नायलॉनच्या दोऱ्याने, जाळं विणताना मारतात तशा बारीक गाठी मारून वायर बांधणारा अख्ख्या नवी मुंबईत एकच माणूस होता. तो म्हणायचा, पट्टी उन्हाने तुटते, गाठ खाडीच्या पान्यात पन सुटत नाय.

गाठी मी सोडवल्या. जुडग्याच्या पोटातून अर्थिंगची एक वायर वेगळी काढून दुसऱ्याच जागी, एका स्क्रूखाली दाबली होती. जागा कुठली ते लिहीत नाही. एवढंच सांगतो, तिथे पावसाचं पाणी झिरपतं आणि खाडीची दमट, खारट हवा वर्षभर बसून असते. दत्तूने पत्रा घासून लख्ख केला असणार, म्हणून गाडी देताना आवाज साफ आला. पण आम्ही अशा जागी जे ग्रीस लावतोच लावतो, ते त्याने लावलं नव्हतं. बाकी सगळं खाडीवर सोडून दिलं होतं. एक पावसाळा गेला, गंज धरला, शिट्टी उठली. दर वर्षी गंज वाढत गेला, तशी शिट्टी.

मी डॅशबोर्डखाली पडल्या पडल्या हसलो. इतका हसलो की पोट दुखायला लागलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही... त्याने तो अपमान गिळला नव्हता. पटांगणात हात जोडले त्याच हातांनी त्याने हे बांधलं होतं, आणि मोऱ्याच्या जेट्टीवर बोटींचे दिवे लावत बसला होता, शेठ रोज ऐकतोय हे मनात ठेवून. ज्याला रिक्षातली घरघर सहन होत नव्हती, त्याने आपल्या हाताने एका गाडीत शिट्टी सोडली होती. ते करताना त्याला काय झालं असेल, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. आणि मला त्याने सांगितलं नाही. का सांगावं? मी गाळ्याच्या बाजूचा होतो.

माझ्या डब्यात लिंबाचं लोणचं होतं. त्याचा खार मी बोटाने त्या स्क्रूवर चोळला, दोनदा. मग जाळ्याच्या गाठी जमतील तशा परत मारल्या आणि गालिचा दाबून बसवला. संध्याकाळी शेठला सांगितलं, "नाही सापडला."

"नाही सापडला म्हणजे?"

"दत्तूलाच सापडला असता, शेठ."

तो शिव्या घालत गेला. या वयात असा आनंद मला फार वर्षांनी झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आधी त्यांना समजेना. मग समजलं तशा पदर तोंडाला लावून हसल्या, दत्तू गेल्यापासून पहिल्यांदा. "म्हनून! अरे द्येवा, म्हनून!" त्या म्हणाल्या, "पाऊस लागला का ह्ये खुश असायचे. शेठची गाडी रस्त्यानं गेली का कान टवकारून उभे. मी बोलायची, त्याची गाडी काय बघताव? तं बोलायचे, बघत नाय, आयकतंय." मी लोणच्याचं सांगितलं तेव्हा तर त्यांनी मला चहा टाकला.

चहा पुढे ठेवताना मात्र त्या म्हणाल्या, "भावजी, हसायला आला खरा. पन त्यो शेठ कानानं भोगतोय, आनी आमी तोंड लपवतोय. लोकांच्या तोंडात ह्ये चोरच ऱ्हायले ना? माझ्या पोरीला पन तेच आयकावं लागतं." मी म्हटलं, "मग काय करू, वहिनी?" त्या म्हणाल्या, "हात जोडायला तुमी लावलात. आता लिव्हा. शिट्टी सोडली ते पन लिव्हा, चोरी नाय केली ते पन लिव्हा. दोनी लिव्हा."

म्हणून दोन्ही लिहिलं. दत्तूने अ‍ॅम्प बदलला नव्हता. तो डुप्लिकेटच होता, मी शेजारी उभा राहून पाहिला, आणि हे त्या दिवशी पटांगणात सांगायचं सोडून मी खाली मान घालून उभा राहिलो. गाडीत शिट्टी सोडली ती त्याने, आणि ती मोठी केली ती मी. गिऱ्हाइकाची गाडी ठेवून घेऊन मुद्दाम बिघडवणाऱ्या माणसाच्या दुकानात यायचं की नाही, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं. गाळा गेला तर जाऊ दे. तो मी एकदा फार महाग टिकवून पाहिला आहे.

शेठ, हे तुमच्यापर्यंत पोहोचेलच. तुमचे ते मित्रच पाठवतील. तुम्ही आता गाडी घेऊन दहा दुकानं फिराल, गालिचा फाडाल, स्क्रू शोधाल. गाडीत स्क्रू पुष्कळ असतात. मला विचाराल तर मी काढून देईन, चहा थंड व्हायच्या आत काढून देईन, पत्रा घासून, ग्रीस लावून. त्यासाठी करावेला यायचं, देवळापुढे त्याच पटांगणात, आणि वहिनी आणि त्यांची लेक पुढे खुर्चीवर बसलेल्या असताना उभं राहून म्हणायचं की दत्तू चोर नव्हता. हात जोडायची गरज नाही. नुसतं मोठ्याने बोला, मागच्यांना ऐकू जाईल असं.

तोवर खुशाल चालवा गाडी. पाम बीच रोडला जितका वेग वाढवाल, तितका दत्तू वर चढत जाईल.